बिल्बाओची नाकेबंदी आणि तीन मैलांची रेघ: स्पेनच्या यादवीत ब्रिटिश आरमार

गलबतवाला

तांबड्या समुद्राच्या धाग्यावर मागे बरीच जुंपली होती. दुसऱ्या देशाच्या यादवीत आपली युद्धनौका आपल्या व्यापारी जहाजांसाठी कुठवर जाते, यावर तिथे दोन तट पडले होते. तिथे स्पेनचा उल्लेख करून पळालो होतो, ते आता सविस्तर लिहितो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

जुलै १९३६ मध्ये फ्रँको आणि इतर सेनापतींनी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठाव केला. भूदलाचा मोठा भाग त्यांच्या हाती लागला, पण आरमारात उलटं झालं. बऱ्याच जहाजांवर खलाशांनीच अधिकाऱ्यांना पकडलं आणि जहाजं सरकारकडे ठेवली. बंडखोरांकडे उत्तरेत 'एस्पान्या' ही जुनाट युद्धनौका, 'आल्मिरांते सेर्वेरा' ही क्रूझर आणि फेरोलच्या गोदीत बांधून होत आलेल्या दोन नव्या क्रूझर उरल्या. एवढ्याशा ताफ्याच्या जोरावर फ्रँकोला सरकारची बंदरं उपाशी मारायची होती.

इथे कायद्याची गोम आहे. दोन देशांचं युद्ध असेल तर लढणाऱ्या पक्षाला भर समुद्रात तटस्थ देशाचं जहाज थांबवून झडती घेता येते, शत्रूकडे चाललेला युद्धोपयोगी माल जप्त करता येतो. यादवीत हा हक्क आपोआप मिळत नाही. बाकीच्या देशांनी 'हे दोघेही रीतसर लढणारे पक्ष आहेत' असं मान्य केलं तरच मिळतो. ब्रिटनने तो ना फ्रँकोला दिला, ना सरकारला. म्हणजे फ्रँकोच्या क्रूझरने खुल्या समुद्रात ब्रिटिश बावट्याचं जहाज अडवलं, तर ब्रिटिश आरमाराच्या लेखी ती दांडगाई. पण जहाज स्पेनच्या सागरी हद्दीत शिरलं की आरमाराचा हात आखडता. ही हद्द ब्रिटनच्या मते तीन मैल, स्पेनच्या मते सहा मैल. पुढचं सगळं नाटक या मधल्या तीन मैलांत घडलं.

३१ मार्च १९३७ ला फ्रँकोच्या बाजूच्या जनरल मोलाने उत्तरेतल्या बास्क प्रांतावर चढाई सुरू केली. बिल्बाओत निर्वासितांची गर्दी, खायला कमी. या बंदराचं ब्रिटनशी नातं जुनं होतं. तिथून लोखंडाची कच्ची धातू वेल्सला जायची आणि वेल्सचा दगडी कोळसा तिकडे यायचा. त्यामुळे अन्न घेऊन जायला तयार असलेल्या बोटी बऱ्याचशा ब्रिटिशच होत्या. ६ एप्रिलला 'थॉर्पहॉल' नावाच्या बोटीला 'सेर्वेरा'ने अडवलं, ब्रिटिश विनाशिका धावून आल्या आणि बोट बिल्बाओत गेली. इथवर सगळं नियमाने झालं.

मग लंडनने कच खाल्ली. नौदल खात्याचं म्हणणं पडलं की बिल्बाओच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरलेत, नाकेबंदी पक्की आहे, व्यापारी जहाजांनी तिकडे जाऊ नये. फ्रान्सच्या सँ-जाँ-द-लूझ बंदरात बोटी नांगर टाकून बसल्या, बटाटे सडायला लागले. बास्क सरकारचे अध्यक्ष आगिर्रे सांगत होते की सुरुंग आम्ही काढलेत आणि आमच्या किनाऱ्यावरच्या तोफांपुढे फ्रँकोची जहाजं जवळ येत नाहीत. 'टाइम्स'चा बातमीदार जॉर्ज स्टीअर बिल्बाओतच होता. तोही हेच कळवत होता. १४ एप्रिलला पार्लमेंटात विरोधी पक्षनेते ॲटली यांनी सरकारवर ठपक्याचा ठराव आणला. नौदलमंत्री सॅम्युएल होअर यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांना 'बटाटे जोन्स' सापडला. वेल्सचे तीन कप्तान, तिघांचंही आडनाव जोन्स. मग ओळखायचे कसे, तर कोणाच्या बोटीत काय माल आहे त्यावरून. बटाटे जोन्स सगळ्या ब्रिटनमध्ये गाजला, 'आमच्या आरमाराला लाज कशी वाटत नाही' अशी त्याची भाषा छापून आली. गंमत म्हणजे तो बिल्बाओला पोचलाच नाही! बटाटे घेऊन दुसरीकडेच गेला.

पोचली ती 'सेव्हन सीज स्प्रे'. १९ एप्रिलच्या रात्री कप्तान रॉबर्ट्स दिवे मालवून गुपचूप सँ-जाँ-द-लूझमधून निघाले. वाटेत एका ब्रिटिश विनाशिकेने बजावलं की पुढे जाल ते तुमच्या जबाबदारीवर. सकाळी बोट नदीच्या मुखातून आत शिरली तेव्हा दोन्ही काठांवर माणसंच माणसं. सुरुंगही फुटला नाही आणि तोफही डागली गेली नाही. लंडनची पक्की नाकेबंदी एका मालवाहू बोटीने रात्रीतून पोकळ ठरवली.

यानंतर सरकारला मागे राहणं शक्य नव्हतं. २३ एप्रिलला 'मॅकग्रेगर', 'हॅमस्टर्ली' आणि 'स्टॅनब्रुक' अशा तीन बोटी निघाल्या. सोबत होती 'हूड', त्या वेळची जगातली सर्वांत मोठी युद्धनौका, पंधरा इंची आठ तोफा. समोर 'सेर्वेरा', सहा इंची तोफांची. 'सेर्वेरा' म्हणते, सहा मैलांच्या आत आमची हद्द. 'हूड' म्हणते, आम्ही तीनच मानतो, बाहेर हात लावू नका. तेवढ्यात 'गालेर्ना' या फ्रँकोच्या सशस्त्र ट्रॉलरने 'मॅकग्रेगर'च्या नाळेसमोर गोळा टाकला. 'फायरड्रेक' या विनाशिकेने तिला गोळीबार थांबवायला सांगितलं. पुढचं काम किनाऱ्यावरच्या बास्क तोफांनी केलं, 'गालेर्ना' माघारी वळली आणि तिन्ही बोटी आत गेल्या.

मला यात सर्वांत रोचक वाटतं ते हे की 'हूड'ने एकही गोळा उडवला नाही आणि तीन मैलांच्या आत पाऊलही टाकलं नाही. तिने फक्त रेघ कुठे आहे ते सांगितलं. तेवढं तिला दोन आठवडे आधीही सांगता आलं असतं. जहाजं तीच, तोफा त्याच. फरक पडला तो लंडनमधल्या निर्णयात.

---

रुमालवाली

रुमाल टाकून ठेवते, रात्री नीट वाचेन. बटाटे जोन्सवर वेगळा धागा हवा.

---

तर्कटी

लेख चांगला आहे, पण ब्रिटिश आरमाराला उगाच हिरो करू नका. नौदल खात्यातल्या बऱ्याच बड्या अधिकाऱ्यांची सहानुभूती उघडउघड फ्रँकोकडे होती. खलाशांनी अधिकाऱ्यांना समुद्रात फेकलं म्हटल्यावर कुठल्या ॲडमिरलला ते सरकार आवडणार? 'नाकेबंदी पक्की आहे' हा अहवाल अज्ञानातून आला नव्हता, तसं व्हावं ही इच्छा होती त्यामागे. आणि डिसेंबर १९३६ मध्ये ब्रिटिश जहाजांनी स्पेनला शस्त्रं नेऊ नयेत असा कायदाच केला होता. फ्रँकोला जर्मनी-इटलीकडून हवं ते मिळत होतं, सरकारला मात्र ब्रिटनकडून विकतही मिळेना. असल्या तटस्थतेचं कौतुक ते काय करायचं!

---

गलबतवाला

तर्कटी, पहिला भाग मान्य. नौदल खात्याचा कल कुठे होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. होअर यांच्या मनात तर फ्रँकोला लढणाऱ्या पक्षाचा दर्जा देऊन टाकावा असं होतं. म्हणजे त्याने जहाजं अडवली तरी आरमाराची डोकेदुखी नाही. परराष्ट्रमंत्री ईडन यांनी तसं होऊ दिलं नाही.

पण शस्त्रबंदीच्या कायद्याची दुसरी बाजू बघा. ब्रिटिश बोटीत शस्त्रं नाहीत हे कायद्यानेच ठरल्यावर तिला अडवण्याचं उरलंसुरलं निमित्तही गेलं. अन्न, कोळसा, तेल नेणाऱ्या बोटीला आरमार राखतं ते त्या जोरावर. प्रजासत्ताकावर त्या कायद्याने अन्याय झाला आणि त्याच कायद्याने बिल्बाओत धान्य पोचलं. दोन्ही खरं आहे.

आणखी एक. त्याच आठवड्यात, १९-२० एप्रिलपासून, हस्तक्षेपविरोधी समितीची (स्पेनच्या यादवीत बाहेरच्या देशांनी पडू नये म्हणून युरोपातल्या देशांनी नेमलेली) गस्त सुरू झाली. स्पेनचा किनारा चार देशांत वाटून दिला. प्रजासत्ताकाच्या ताब्यातला भूमध्य किनारा कोणाकडे? जर्मनी आणि इटलीकडे! लांडग्याला मेंढरं राखायला दिली. २९ मे ला इबिझापाशी प्रजासत्ताकाच्या विमानांनी 'डॉइचलांड' या जर्मन युद्धनौकेवर बाँब टाकले, ३१ जर्मन मेले. दोन दिवसांत जर्मनांनी आल्मेरिया शहरावर तोफा डागून सूड उगवला. जूनमध्ये जर्मनी आणि इटली दोघेही गस्तीतून बाहेर पडले.

---

तेलिया_राजा

मी २२ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत आंब्यांच्या मागे असतो. वरचं वाचून एक सांगावंसं वाटलं. असल्या चर्चेत युद्धनौका, मंत्री, कायदा सगळे येतात, बोटीवरचा माणूस येत नाही.

स्पेनच्या फेरीला कोण गेलं असेल ते मी न वाचताही सांगतो. मंदीत बसून राहिलेल्या जुन्या बोटी, भाडं चढल्याचं बघून बाहेर काढलेल्या, आणि घरी बसण्यापेक्षा बोनस बरा म्हणणारे खलाशी. आजही तसंच आहे. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या अलीकडे जहाजावर मीटिंग होते, धोक्याच्या पट्ट्यात मूळ पगाराएवढा जादा भत्ता मिळतो आणि नको असेल तर 'मी जाणार नाही' असं सांगायचा हक्कही करारात असतो. सही करताना पोरं घरचं कर्ज आठवतात.

आम्ही सोमाली चाच्यांच्या काळात गेलो तेव्हा कठड्याला काटेरी तारेची वेटोळी, दोन्ही अंगांनी फायर होजचं पाणी चालू, आणि स्टिअरिंग गिअर रूममध्ये बिस्किटं-पाण्याचा साठा, तिथेच कोंडून घ्यायचं ठरलेलं. लांब क्षितिजावर नेव्हीचं जहाज दिसलं की ब्रिजवरून फोन यायचा, 'खाली सांगा, दिसतंय.' बस, तेवढंच. ते अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे की दोन तासांच्या, हे सगळ्यांना माहीत असायचं. चाच्याला शिडी लावायला पंधरा मिनिटं पुरतात. क्षेपणास्त्राला तर तेवढीही लागत नाहीत.

---

रुमालवाली

वाचलं! तेलिया काका, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. गलबतवाला, रागावू नका.

एक प्रश्न. बिल्बाओत क्रूझर समोर दिसत होती, तिला 'हद्द तीन मैल' म्हणून सांगता आलं. पाणबुडी असेल तर? ती तर दिसणारच नाही.

---

गलबतवाला

रागवायचं कशाला, मलाही भारी वाटला. 😀 तेलिया काका, तुमचा अंदाज अगदी नेमका आहे. जॅक बिलमायर नावाच्या मालकाने याच धंद्यात हात धुऊन घेतले. त्याच्या बोटींची नावं 'स्टॅन'ने सुरू व्हायची, 'स्टॅनब्रुक' त्यातलीच.

पाणबुडीचा प्रश्न बरोबर पकडलात. ऑगस्ट १९३७ मध्ये तेच झालं. सोव्हिएत मदत तोडा म्हणून फ्रँकोने मुसोलिनीला गळ घातली आणि इटलीच्या पाणबुड्या आणि विनाशिका भूमध्यसमुद्रभर पसरल्या. सोव्हिएत 'तिमिर्याझेव' अल्जीरियाच्या किनाऱ्यापाशी बुडाली, 'ब्लागोएव' थेट एजियन समुद्रात. स्पेनच्या बोटी तुर्कस्तानापर्यंत गाठून बुडवल्या. ब्रिटिश तेलबोट 'वुडफर्ड' वालेन्सियाजवळ गेली. सगळीकडे 'अज्ञात पाणबुडी'. फ्रँकोकडे एवढ्या पाणबुड्या नव्हत्या हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण इटलीचं नाव कोणी घेईना.

मग ३१ ऑगस्टच्या रात्री 'इरिदे' या इटालियन पाणबुडीने 'हॅवक' या ब्रिटिश विनाशिकेवरच टॉर्पेडो सोडला. चुकला. 'हॅवक'ने सोनारवर तिला हेरून पाण्याखाली फुटणारे बाँब टाकले, 'इरिदे' कशीबशी निसटली. ब्रिटन त्या काळात इटालियन नौदलाचे गुप्त संदेश वाचत होतं. म्हणजे लंडनला 'अज्ञात' कोण ते पक्कं ठाऊक होतं.

१० सप्टेंबरला स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी न्यों गावी परिषद भरली. जर्मनी-इटली आले नाहीत. ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ, तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हिया, रुमानिया, बल्गेरिया, इजिप्त असे नऊ देश. १४ तारखेला करार तयार! आंतरराष्ट्रीय परिषदा चार दिवसांत उरकल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. ठरलं ते असं: व्यापारी जहाजांनी नेमून दिलेल्या मार्गांनी जायचं, त्या मार्गांवर मुख्यतः ब्रिटिश-फ्रेंच विनाशिकांनी गस्त घालायची आणि स्पेनच्या नसलेल्या जहाजावर नियम मोडून हल्ला करणारी पाणबुडी दिसली तर तिच्यावर प्रतिहल्ला करायचा, जमल्यास बुडवायची. कोणाची ते विचारत बसायचं नाही. तीनच दिवसांनी विमानं आणि पाण्यावरच्या नौकाही त्यात आल्या.

हल्ले जवळजवळ थांबले. खरं तर मुसोलिनीने परिषदेआधीच पाणबुड्या माघारी बोलावायला सुरुवात केली होती. पुढे इटलीलाही गस्तीत घेतलं, तिच्या वाट्याला स्वतःचा तिर्‍हेनियन समुद्र आला.

---

तर्कटी

म्हणजे चोरालाच चौकीदार नेमला. आणि तुमच्या करारातली फट बघा: 'स्पेनच्या नसलेल्या जहाजावर'. स्पॅनिश बोटीचा वाली कोण? कोणीच नाही. बुडवा खुशाल.

पुढचंही लिहा ना. न्योंमुळे पाणबुड्या गेल्या, पण १९३८ मध्ये फ्रँकोच्या ताब्यातल्या मायोर्का बेटावरून इटालियन विमानं उठायची आणि वालेन्सिया, आलिकांते, बार्सेलोनाच्या धक्क्याला लागलेल्या ब्रिटिश बोटींवर बाँब टाकायची. तेव्हा कुठे होती 'हूड'?

---

गलबतवाला

बोटी बंदरात होत्या, म्हणजे तीन मैलांच्या आत. पंतप्रधान चेंबरलेन यांनी पार्लमेंटात हेच सांगितलं. खुल्या समुद्रात संरक्षण देऊ, स्पेनच्या बंदरात गेलात तर तुमचा धोका तुमचा. ईडन फेब्रुवारीतच राजीनामा देऊन गेले होते. चेंबरलेनना इटलीशी जुळवून घ्यायचं होतं. त्या उन्हाळ्यात ब्रिटिश बोटी एकामागून एक बुडाल्या, खलाशी मेले, सरकारने निषेधखलिते पाठवले. रेघ तीच होती. १९३७ च्या एप्रिलमध्ये तिने बोटी वाचवल्या, १९३८ मध्ये तिच्याआड सरकार लपलं. एवढ्यापुरतं तुमचं-माझं जमतंय.

फक्त एक भर. त्या आरमाराने दोन्ही बाजूंची माणसं पाण्यातून काढली हेही नोंदवायला हवं. ६ मार्च १९३८ च्या पहाटे प्रजासत्ताकाच्या विनाशिकांनी पालोस भूशिराजवळ फ्रँकोची 'बालेआरेस' क्रूझर बुडवली. 'केंपेनफेल्ट' आणि 'बोरिआस' या ब्रिटिश विनाशिका न्योंच्या गस्तीवर जवळच होत्या. त्यांनी जळत्या जहाजालगत जाऊन चारशेहून अधिक लोकांना वाचवलं.

---

इतिहासाचा_किडा

भारताचा धागा जोडतो. त्याच उन्हाळ्यात, जून १९३८ मध्ये, नेहरू कृष्ण मेनन यांच्यासोबत बार्सेलोनाला गेले होते, रात्रीचे हवाई हल्ले त्यांनी तिथे स्वतः पाहिले.

अवांतर: 'एस्पान्या'चं काय झालं ते राहिलं. ३० एप्रिल १९३७ ला सांतान्देरजवळ ती एका ब्रिटिश बोटीला हुसकायला गेली आणि पाणसुरुंगावर आदळून बुडाली. सुरुंग स्वतःच्याच पक्षाने पेरलेला! ब्रिटिशांना ज्याची भीती घातली होती तोच.

---

द्राक्षबाग

+१ किड्याला.

आम्ही निफाडचे, द्राक्षं युरोपला पाठवतो. २०२४ च्या हंगामात येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर दहा-पंधरा दिवस उशिरा पोचायचा आणि भाडं कुठल्या कुठे. मण्यांचा देठ सुकला की तिकडचा खरेदीदार फोटो पाठवून दर पाडतो. अमेरिकेच्या नौका आल्या, युरोपच्या आल्या, आपल्या 'विशाखापट्टणम' या युद्धनौकेने जळत्या तेलबोटीवर जाऊन आग विझवली (त्या बोटीवर २२ भारतीय होते), सगळं अभिमानाचंच आहे. पण कंपन्या काही सुएझला परतल्या नाहीत. विमावाल्याला पटलं तर जहाज जातं, नेव्हीला पटून उपयोग नाही. बिल्बाओला बोटी गेल्या कारण तिथे भाडं सुटत होतं, असं मला तरी वाटतं.

---

तेलिया_राजा

द्राक्षबाग, तुम्ही बोललात ते शंभर टक्के. आणि 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजाला विसरू नका. मार्च २०२४, एडनच्या आखातात. हूथींच्या हल्ल्यात तीन खलाशी गेले. उरलेले २१ जण आपल्या 'कोलकाता'ने उचलले. नेव्ही वेळेवर आली असंच मी म्हणेन, पण त्या तिघांच्या आधी नाही येऊ शकली.

---

रुमालवाली

'स्टॅनब्रुक' हे नाव ओळखीचं वाटत होतं म्हणून शोधलं. १९३९ मध्ये आलिकांतेहून निर्वासितांना घेऊन गेली ती हीच का? असेल तर २३ एप्रिलच्या त्या सकाळीपेक्षा मला ती गोष्ट मोठी वाटते, आणि तुम्ही ती लिहिलीच नाहीत.

---

गलबतवाला

हीच. २८ मार्च १९३९. माद्रिद त्याच दिवशी पडलं. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन आलिकांतेला संत्री, तंबाखू आणि केशर भरायला गेले होते. धक्क्यावर हजारो लोक, फ्रँकोचं सैन्य येतंय म्हणून पळून आलेले. त्यांनी माल सोडला आणि माणसं घेतली, २,६३८. अल्जीरियातल्या ओरानला नेलं. तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी पुष्कळांना कित्येक आठवडे बोटीवरून उतरू दिलं नाही. या वेळी सोबत 'हूड' नव्हती.

---

तेलिया_राजा

चौदाशे टनाच्या आतबाहेरची बोट ना ती? सव्वीसशे माणसं म्हणजे सरासरी पन्नास किलो धरलं तरी सव्वाशे-दीडशे टन. बोटीला ते वजन काहीच नाही, पण ते सगळं डेकवर, वरच्या अंगाला, आणि हलतं. माल तळाशी बसतो, माणूस बसत नाही. विमान दिसलं आणि सगळे एका कठड्याला धावले तर कोळशाच्या बोटीचं काय होईल हे कप्तानाला कळत असणार. तरी त्याने शिडी उचलायला लावली नाही. मी कप्तान असतो तर पहिल्या हजारालाच थांबवलं असतं, खरं सांगतो.

---

गलबतवाला

हो, तेवढीच होती, लांबी जेमतेम २३० फूट. प्रवासात एवढी गर्दी होती की लोक होल्डमध्ये, डेकवर, जिथे जागा मिळेल तिथे उभे. डिक्सन यांनी नंतर एका इंग्रजी वृत्तपत्राला पत्र लिहून सगळी हकीकत कळवली. आधी फक्त कागदपत्रं असलेल्यांनाच घ्यायचा त्यांचा विचार होता, गर्दीची अवस्था बघून तो सोडून दिला. नोव्हेंबर १९३९ मध्ये 'स्टॅनब्रुक' जर्मन पाणबुडीने बुडवली, डिक्सन आणि सगळे खलाशी तिच्यासोबत गेले. पुढच्या आठवड्यात वेळ मिळाला तर न्योंच्या गस्तीचे मार्ग नकाशावर काढून टाकतो. किड्या, तुमच्याकडे भूमध्यसमुद्राचा चांगला कोरा नकाशा असेल तर पाठवा.